दादासाहेबांचे अश्रू

पुण्यात सदाशिव पेठ आहे, नारायण पेठ आहे, नाना पेठ आहे. रास्त्यांच्या नावाची आहे, घोरपड्यांच्या नावाची आहे. थोरल्या माधवरावांच्या नावाची पेठ मात्र नाही, आणि राघोबादादांच्याही नाही. ज्या काका-पुतण्याच्या भांडणापायी हे गाव अकरा वर्षं धड झोपलं नाही, एकदा तर जळून निघालं, ते दोघेही गावाच्या पत्त्यात कुठे सापडत नाहीत. यामागे कुणाचा काही डाव असेल असं नाही. पेठा वसतात त्या त्या वेळच्या सोयीने. पण माधवरावांवरची रणजित देसाईंची कादंबरी 'स्वामी' पुन्हा हातात घेतली की मला हे हटकून आठवतं.

'स्वामी' १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तेव्हापासून ती मराठी घरांतून हललेली नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका झाली. रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई. त्या दिवसांत थेऊरच्या बसमध्ये कॉलेजच्या मुली दिसायच्या, आणि त्या सगळ्याच काही चिंतामणीला नवस बोलायला निघालेल्या नसत. मीही नव्हते. देसाई तसे कोल्हापूरकडचे, कोवाडचे. बाहेरगावच्या माणसाने शनिवारवाड्यावर लिहावं आणि पुण्याने एकही दुरुस्ती न सुचवता ते डोक्यावर घ्यावं, असं फार वेळा घडत नाही.

तेव्हा मी ही कादंबरी वाचली ती माधवरावांसाठी. हल्ली वाचते ती राघोबादादांसाठी. मधल्या काळात मी शिवाजीनगरच्या कोर्टात लघुलेखक होते, आणि नोकरीतला बराच काळ दिवाणी बाजूला गेला. दिवाणी म्हणजे वाटपाचे दावे. वाडा, शेत, दुकान, विहिरीतला हिस्सा, आजीच्या पाटल्या. वादी पुतण्या आणि प्रतिवादी काका, नाहीतर उलटं. सरतपास, उलटतपास, कैफियत, मनाई हुकूम. या शब्दांच्या मागे माणसं काय काय करतात ते मी बघत बसायचे आणि बोटं आपली चालत राहायची.

एक दावा विसरता येत नाही. पेठेतल्याच एका वाड्याचा होता. काकांनी वडिलांचं मृत्युपत्र बनावट तयार केलं, असं पुतण्याचं म्हणणं. काका पिंजऱ्यात उभे राहिले. पंचाहत्तरीचे असतील. वकिलाने विचारलं, ''या मुलाचं शिक्षण कुणी केलं?'' काका म्हणाले, ''मी केलं. भाऊ गेला तेव्हा हा तिसरीत होता,'' आणि त्यांना पुढे बोलवेना. साहेबांनी सांगितल्यावरून मी साक्षीत तशी नोंद घेतली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत बघते तर पुतण्या बाकावर काकांच्या शेजारी बसून त्यांना डब्यातली पोळी देत होता, कारण काकांना साखरेचा त्रास आणि त्यांची जेवायची वेळ टळलेली. तीन वाजता पुन्हा पुकारा झाला. काका पिंजऱ्यात गेले आणि मृत्युपत्राबद्दल शपथेवर जे बोलले ते खोटं होतं. खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं, त्यांच्या स्वतःच्या वकिलाला सगळ्यात आधी.

त्या दिवशी मला राघोबादादा समजले. सकाळचे अश्रू खरे होते आणि दुपारची साक्ष खोटी होती, आणि एकाने दुसऱ्याला काही अडवलं नाही. दगा देणाऱ्याचं प्रेम खोटंच असणार, हे आपण गृहीत धरून चालतो. तसं असतं तर वाटपाचे दावे किती सोपे झाले असते!

'स्वामी'तले राघोबादादा याच मातीचे आहेत. ते चिडतात, रुसून निघून जातात, फौज जमवतात, मग पुतण्या समोर आला की विरघळतात. पश्चात्ताप होतो तो मनापासून. चार दिवसांनी कुणीतरी कानाशी लागतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. खलनायक म्हणून त्यांना वाचायला गेलं तर हे सगळं नाटक वाटतं. मला ते नाटक वाटत नाही. देसायांनी दादांना ढोंगी केलं नाही, कच्चं ठेवलं, आणि कादंबरीतली त्यांची सगळ्यात मोठी कमाई मला तीच वाटते. माधवरावांपेक्षाही.

एक हिशेब आपण सहसा करत नाही. २३ जून १७६१ रोजी नानासाहेब पर्वतीवर वारले. पानिपत होऊन पाच महिने झाले होते. थोरला मुलगा विश्वासराव तिथे पडला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ पडले. जुलैत माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा ते सोळा वर्षांचे. आणि काका? काका म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या मिशांचा कुणीतरी येतो. राघोबादादांचा जन्म १७३४ सालचा. म्हणजे तेव्हा ते सत्तावीस वर्षांचेही पुरते झाले नव्हते. पुढे माधवराव ज्या वयात गेले, जवळजवळ त्याच वयाचा हा काका. त्याच्या नावावर १७५८ ची उत्तरेची मोहीम होती, जिच्यात मराठे अटकेपर्यंत पोचले. त्या मोहिमेने पैसा येण्याऐवजी कर्ज वाढलं, हेही त्याच्याच नावावर होतं, आणि म्हणून पुढच्या वेळी उत्तरेत पाठवलं ते सदाशिवरावभाऊंना. भाऊ परत आले नाहीत. अशा माणसाला आता सोळा वर्षांच्या पोराने 'काका, आपण बसावं' म्हणायचं आणि मुद्रा स्वतःकडे ठेवायची. राग येणार नाही तर काय होईल?

आमच्या वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा भाड्याने राहतो. सदाशिव पेठेत आता दर दोन इमारतींमागे एक अभ्यासिका आहे. तो सकाळी जातो तो रात्री येतो. त्याच्या लेखी हे सगळं प्रश्नपत्रिकेतलं. एकदा मी पुस्तक वाचत बसले होते, तो भाडं द्यायला आला, मुखपृष्ठ बघून म्हणाला, ''राक्षसभुवन. दहा ऑगस्ट सतराशे त्रेसष्ट.''

म्हटलं, ''पाठ आहे तुला.''

''पाठ कशाला करायचं काकू, आमच्याकडंच आहे ते. गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. शनीचं देऊळ आहे मोठं. लढाईचं कुणी सांगत नाही तिथं, शनीचंच सांगतात.''

मग मी त्याला लढाईचं सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की ही गोष्ट राक्षसभुवनला सुरू होतच नाही. तिची सुरुवात नऊ महिने आधीची. १७६२ च्या नोव्हेंबरात दादा निजामाची मदत घेऊन स्वतःच्या पुतण्यावर चालून आले. घोडनदीला लढाई झाली, मग भीमेकाठी आळेगावला. माधवराव हरले. आणि सतरा वर्षांचा पेशवा पळून न जाता आपल्या पायांनी काकांच्या छावणीत गेला. सत्ता काकांच्या हाती गेली. काकांनी ती मिळाल्यावर काय केलं? जुने हिशेब चुकते केले. माधवरावांच्या बाजूच्या माणसांना दूर सारलं, गोपाळराव पटवर्धनांची मिरज काढून घेण्यासाठी तिकडे फौज नेली. पटवर्धन उठून निजामाला मिळाले. ज्या निजामाच्या मदतीने काकांनी पुतण्याला नमवलं तोच निजाम १७६३ च्या उन्हाळ्यात पुण्यावर आला. लोक सिंहगडाकडे, मिळेल त्या आडोशाला पळाले. ज्यांनी खंडणी भरली त्यांची घरं राहिली, बाकीची पाडली, जाळली.

''म्हणजे भांडण वाड्यातलं आणि घरं पेठेतल्यांची,'' मुलगा म्हणाला.

ही गोष्ट 'स्वामी'त तितकीशी टोचत नाही, हे मला तेव्हा जाणवलं. देसायांची नजर वाड्याच्या आत असते. महालातली समई, देवघर, सदर, दालनातले उसासे. ज्याचं घर पाडलं तो माणूस त्या पानांवर गर्दीसारखा येतो आणि जातो. हा त्या काळच्या ऐतिहासिक कादंबरीचाच दोष असेल. बखरीतही रयत अशीच येते.

तर राक्षसभुवन. गोदावरीकाठी निजामाची फौज दोन्ही तीरांवर विभागलेली असताना मराठे तिच्यावर पडले. लढाईत दादा वेढ्यात सापडले. माधवरावांनी धावून जाऊन त्यांना सोडवलं. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाचा पुरता मोड झाला. ज्या काकाने नऊ महिन्यांपूर्वी आपल्यालाच हरवलं, त्याला अठरा वर्षांचा मुलगा मरणातून काढतो. कादंबरीकाराला याहून काय हवं! दादांना त्या दिवशी पुतण्याचा अभिमान वाटला असेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पोटाशी धरलं असेल, डोळे भरले असतील.

आणि पाच वर्षांनी, १७६८ मध्ये, तेच दादा नाशिकजवळ धोडपच्या किल्ल्याच्या आश्रयाने पुन्हा उभे ठाकले. त्याच साली त्यांनी अमृतरावाला दत्तक घेतलं, म्हणजे आता भांडण एका पिढीचं उरलं नव्हतं. माधवराव या वेळी थांबले नाहीत. दादा हरले, धरले गेले, आणि शनिवारवाड्यात नजरकैदेत आले.

''सहा वर्षं कशाला लावली पण?'' मुलाने विचारलं. ''आळेगावनंतर संधी मिळाली की लगेच कैद करायचं. राक्षसभुवनला तर सोडवायचंच नव्हतं.'' मग जरा थांबून, ''आमच्या चुलत्यानं बांध कोरला तेव्हा वडील म्हणले, जाऊ दे, घरचाच आहे. आता निम्मं वावर गेलं.''

याचं उत्तर कादंबरी देते ते असं, की माधवराव थोर होते. मला हे उत्तर आता पुरत नाही.

माझं वाचन जरा वेगळं आहे आणि ते 'स्वामी'च्या चाहत्यांना रुचणार नाही. माधवरावांची नम्रता खरी होती, पण ती त्यांच्या हातातली सगळ्यात धारदार गोष्टही होती. आळेगावला ते काकांकडे चालत गेले तेव्हा त्यांनी राज्याची फूट टाळली, आणि त्याच पावलाने काकांना जगासमोर एका अशा जागी उभं केलं जिथून सुटका नव्हती. वाकून उभ्या असलेल्या पोराचं काय करणार? मारलं तर राक्षस, सोडलं तर तो पुन्हा उभा राहणार. दर वेळी क्षमा करणारा माणूस समोरच्याला दर वेळी थोडा लहान करत जातो. दादांना हे उमगलं असेल की नाही सांगता येत नाही. पण ते खुपत मात्र राहिलं असणार. निजामाकडून मिळालेला पराभव माणूस विसरतो, पुतण्याकडून मिळालेलं जीवदान गिळणं अवघड.

माधवरावांना याची जाण होती का? मला वाटतं होती, अर्धीमुर्धी. सतराव्या वर्षी माणूस थोर असतो आणि हिशेबीही असतो, आणि त्याचं त्यालाच कळत नाही कुठे काय संपतं. देसायांनी त्यांना फार धुऊन-पुसून ठेवलं आहे. रागीट दाखवले, पण प्रत्येक रागाला न्यायाची झालर. वेठीला धरलेल्या गरिबासाठी चिडणारे, कारभाऱ्याला धारेवर धरणारे. हे इतिहासाला सोडून नाही. रामशास्त्र्यांची कथा तर सगळ्यांना ठाऊक आहे: पेशवे जपजाप्यात बसून राहिल्यामुळे कामं खोळंबली, तेव्हा शास्त्रीबुवांनी सुनावलं की ब्राह्मणाचं कर्मच करायचं असेल तर गादी सोडा आणि खुशाल काशीला चला. माधवरावांनी ते ऐकलं. सत्तेतल्या तरुण माणसाने असं ऐकून घेणं ही मोठी गोष्ट आहे, मान्य. तरी मला कादंबरीभर एकदा तरी बघायचं होतं, की हा माणूस काकांवर मात करताना मनातल्या मनात सुखावला. एकच ओळ चालली असती. ती मिळत नाही.

ती उणीव देसायांनी दुसरीकडे भरून काढली आहे, गोपिकाबाईंमध्ये. या बाईंवर मराठी वाचकांनी अन्याय केला आहे असं माझं मत झालंय. थोरला मुलगा पानिपतावर गेला, पाच महिन्यांनी नवरा गेला, आणि उरलं काय तर सोळा वर्षांचा पोरगा, त्याच्याहून लहान नारायणराव आणि समोर वाडाभर वावरणारा दीर. तिने मुलाच्या सत्तेवर हात ठेवला तो काही केवळ हव्यासाने नाही. पण हात एकदा ठेवला की तो मुलाच्या खांद्यावर आहे की मानेवर, हे ठेवणाऱ्याला कळत नाही. माहेरच्या रास्त्यांच्या प्रकरणात माधवरावांनी मामाचा मुलाहिजा ठेवला नाही आणि आई दुखावली. पुढे त्या पुणे सोडून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. कादंबरीतला हा माय-लेकाचा पेच मला काका-पुतण्याच्या लढायांपेक्षा जड जातो, कारण इथे फौजही नाही आणि निजामही नाही. एकाच्या हातात न्याय आहे, दुसरीच्या हातात रुसवा. रुसव्याने मुलाचं जे केलं ते निजामाला जमलं नव्हतं.

दादांच्या पत्नी आनंदीबाईंचं काय सांगायचं? शनिवारवाड्यावर कुणीही पाहुणे न्या, दिल्ली दरवाजाच्या खिळ्यांकडे बघून होत नाही तोवर 'ध चा मा' सुरू होतं. नारायणरावाला धरावे असं लिहिलेल्या पत्रात बाईंनी अक्षर बदलून मारावे केलं, ही आख्यायिका. मग अमावास्येच्या रात्री ऐकू येणारं 'काका, मला वाचवा' ओघाने येतंच. पोरं तर ते तिकीट काढायच्या रांगेतच ओरडायला लागतात. एका अक्षरावर आणि एका बाईवर सगळं ढकलून दिलं की मग बाकीच्या पुरुषांचं काही बघावं लागत नाही. गारद्यांना, म्हणजे त्या भाडोत्री शिपायांना, आशा कुणी लावली, वाड्याच्या पहाऱ्यावर ते होते कसे, कारभाऱ्यांपैकी कुणाकुणाला वास लागला होता, हे प्रश्न मागे पडतात. भुताची गोष्ट सांगायला सोपी. राघोबादादांची सांगायला अवघड.

रमाबाईंबद्दल मी थोडक्यात उरकते, आणि चाहत्यांनी माफ करावं. त्या प्रसंगांची भाषा अत्तरासारखी आहे. विसाव्या वर्षी तो वास अंगावर घेऊन मी दोन-दोन दिवस हिंडत असे. आता मला तिथे सती जाण्याची पानं वाचवत नाहीत. ती घटना खरी आहे, थेऊरला त्यांचं वृंदावन आहे, लोक हात जोडतात. मीही जोडले. पण तिच्याविषयी कादंबरीला जितका कढ येतो तितका मला येत नाही, संताप येतो.

राजयक्ष्म्याने पोखरलेले माधवराव अखेरच्या दिवसांत थेऊरला चिंतामणीच्या देवळाच्या आवारात राहिले. राज्यावरचं कर्ज फिटावं याची त्यांना शेवटपर्यंत काळजी होती. आणि त्या दिवसांत त्यांनी काकांना बोलावून घेतलं. नारायणरावाचा हात काकांच्या हातात दिला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते गेले. पानिपताच्या मैदानाने मराठ्यांचं जेवढं नुकसान केलं त्याहून या राजपुरुषाच्या अकाली जाण्याने कमी झालं नाही, असं ग्रँट डफने लिहून ठेवलंय, आणि इंग्रज अधिकाऱ्याने एवढं म्हणावं यातच सगळं आलं.

'स्वामी' इथे संपते. पण पुण्यात ती वाचणाऱ्याला ती इथे संपवता येत नाही. पुढचं पान त्याने शाळेतच वाचलेलं असतं. साडेनऊ महिन्यांनी, ३० ऑगस्ट १७७३ ला, गणपतीच्या दिवसांत, सुमेरसिंग गारद्याची माणसं पगाराच्या निमित्ताने वाड्यात घुसली. नारायणराव नुकताच अठरा वर्षांचा झालेला. तो पळत काकांच्या महालात गेला आणि त्यांना मिठी मारली. ज्या हातात भावाने त्याचा हात दिला होता त्याच हातांना. वाचवायला आड पडलेला चाकर चाफाजी टिळेकरही मारला गेला.

मला माधवरावांचा थेऊरचा तो निर्णय फार दिवस छळत राहिला. अकरा वर्षं या माणसाला ओळखलं, तीन वेळा आजमावलं, कैदेत ठेवलं, आणि मरताना पोरगा त्याच्याच ओटीत? दुसरा इलाज नव्हता, असं इतिहासाची मंडळी सांगतात. घराण्यात दुसरं वडीलधारं माणूस उरलं नव्हतं, दादांना कायमचं कोंडून ठेवलं असतं तर कोंडणारे कारभारीच राज्याचे धनी झाले असते. पटतं. पण मला वाटतं यात आणखी काहीतरी होतं. माधवरावांनी दादांचे अश्रू बघितले असणार आणि ते खरे आहेत हे ओळखलं असणार. थोर माणसांचा हा एक मोठा धोका असतो. खरे अश्रू त्यांना बरोबर ओळखता येतात, आणि मग ते त्यांच्या जिवावर करार करतात.

रामशास्त्र्यांनी चौकशी केली, दादांना दोषी धरलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणे सोडलं. दादा पेशवे झाले ते काही महिने टिकले. बारभाईंनी, म्हणजे त्यांच्याविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, त्यांना घालवलं, ते इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह केला, आणि घरातली भाऊबंदकी कंपनीच्या दप्तरात नोंदली गेली. त्यांचा शेवट १७८३ मध्ये कोपरगावला झाला. शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव, त्यांचाच मुलगा.

मुलाने 'स्वामी' वाचायला नेली. पूर्वपरीक्षा तोंडावर असताना कादंबरी वाचू नकोस म्हणून मी सांगून पाहिलं; ऐकलं नाही. परत आणून दिली तेव्हा त्यात पेन्सिलीच्या खुणा होत्या. पुस्तकात खुणा केलेल्या मला खपत नाहीत, पण आधी त्या कुठे आहेत ते बघितलं. माधवरावांच्या एकाही वाक्याखाली रेघ नव्हती. रमाबाईंच्या पानांवर तर बोट उमटल्याचंही दिसेना. सगळ्या खुणा सखाराम बापूंच्या.

सखाराम बापू बोकील. साडेतीन शहाण्यांतले एक. राक्षसभुवनला पडलेला विठ्ठल सुंदर दुसरा, नागपूरचे देवाजीपंत चोरघडे तिसरे आणि तलवार चालवत नाहीत म्हणून नाना फडणीस अर्धे. बापू दादांचे. आळेगावनंतर कारभार बापूंकडे. माधवरावांनी पुन्हा लगाम हाती घेतला तरी बापू आहेतच. नारायणराव पेशवे झाले, बापू आहेत. त्यांचा खून झाला, बापू आहेत. बारभाई दादांविरुद्ध उभे राहिले, त्यांत बापू. १७७६ चा पुरंदरचा तह इंग्रजांशी बोलून ठरवणारे नाना आणि बापू. या माणसाला गादी नको होती. गादीवर जो असेल त्याला आपल्यावाचून चालू नये, एवढंच हवं होतं. दादांसारखा तो कधी रडला असेल असं वाटत नाही. दादांच्या कानाशी लागायला जी माणसं होती त्यांना रडायचं कारणच काय? राग दादांचा, फौज दादांची, पश्चात्तापही दादांचाच.

''हे परीक्षेला विचारत नाहीत काकू,'' मुलगा म्हणाला. ''पण पोस्टिंग मिळालं की पहिल्या दिवशी हेच भेटणार ना टेबलाशी?''

''भेटतील. चहा मागवतील तुझ्यासाठी.''

''मग ओळखायचं कसं?''

मी त्याला बापूंचा शेवट सांगितला. दादांशी पुन्हा पत्रव्यवहार चाललाय असा संशय आला आणि ज्यांच्याबरोबर बापूंनी बारभाईंचं राजकारण उभं केलं त्या नानांनीच त्यांना कैद केलं. त्या कैदेतच ते गेले. मुलगा विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, ''म्हणजे त्यांनापण नाना ओळखू आले नाहीत,'' आणि रबर मागून घेऊन पायरीवर बसला, खुणा खोडायला.